ऐकणाऱ्याची सही

शालन दुसाने काम करायची त्या कंपनीत एक रीत होती, आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्या रीतीचं हसू यायचं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला असेल त्याने तो कागदावर छापून आणायचा आणि सकाळी अकराच्या चहाला शालनसमोर बसून मोठ्याने वाचायचा. पहिलीतलं मूल धडा वाचतं तसा, ओळीखाली बोट धरून, एकही शब्द न गाळता. शालन कागदाकडे बघत नसे. खिडकीबाहेरच्या शिरीषाकडे बघत ती ऐकत राही. मध्येच म्हणे, "मागे जा." वाचणारा मागे जाई, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या शब्दाला त्याची चूक त्यालाच ऐकू येई.

वाचून झालं की एक छापील चिठ्ठी भरायची. तिच्यावर नावं दोन, वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं. सही मात्र एकच, ऐकणाऱ्याची. लिहिणारा चुकणारच, असं शालनचं म्हणणं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्याने सगळं ऐकून मान डोलावली, त्याला नंतर हात झटकता येत नाहीत.

ही रीत तिने घरातूनच उचलली होती. तिचा नवरा सुधाकर एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होता. तिथे एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रूफ तपासायचा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याला कागदावरचं न दिसता मनातलंच दिसतं, हे सुधाकरने तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच सांगितलं होतं.

कंपनी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होती आणि नवजात बाळांसाठी काचेच्या पेट्या बनवायची. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. म्हणून त्याला या पेटीत ठेवतात. बाळाच्या पोटावर एक चपटा तापमापक चिकटवलेला असतो. तो दर सेकंदाला बाळाचं तापमान कळवतो, आणि पेटीतला प्रोग्रॅम त्याप्रमाणे ऊब कमी-जास्त करतो. शालन नव्या मुलांना सांगायची, की तुमच्या प्रोग्रॅमच्या एका टोकाला तुम्ही आहात आणि दुसऱ्या टोकाला सव्वा किलोचं बाळ आहे. मधे कुणी नाही.

अशी तिची बरीच मतं होती, आणि चहाबरोबर ती सगळ्यांना ऐकावी लागत. एका वेळी एकच बदल करावा. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक आकड्याला नाव असं द्यावं की दोन वर्षांनी परक्यालाही कळावं. तपासणी लिहिणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा कधीही एक असू नये. आणि ज्याने लिहिलं त्यानेच तक्रारीचा फोन घ्यावा. त्यासाठी प्रत्येक पेटीच्या पायाशी एक नंबर चिकटवलेला होता, आणि तो फोन पाळीपाळीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्याच टेबलावर वाजे. दुसऱ्या कंपन्यांतले लोक या फोनची थट्टा करत. शालन म्हणायची, करू देत.

तिच्या हाताखाली तयार झालेल्यांत निनाद गायधनी सगळ्यात हुशार. सोळा वर्षांपूर्वी तो आला तेव्हा एवढा पुटपुटत वाचायचा की शालन त्याला खुर्ची ओढून जवळ बसवायची. तिने त्याला जेवढ्या वेळा 'मागे जा' म्हटलं तेवढं दुसऱ्या कुणालाच म्हटलं नव्हतं. आता तो विभागप्रमुख होता, म्हणजे कागदोपत्री तिचा साहेब. तरी दर गुरुपौर्णिमेला तो घरी यायचा, पाया पडायचा आणि सुधाकरने केलेला दडपे पोह्यांचा बेत खाऊन जायचा.

मग लेखनिक आला.

लेखनिक म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारं यंत्र. अशी यंत्रं त्या सुमारास सगळीकडेच होती, पण हे निनादने कंपनीसाठी खास तयार करून घेतलेलं होतं. काय हवं ते साध्या मराठीत सांगायचं, की दहा मिनिटांत हजार ओळी तयार. शालनने त्याला विरोध केला नाही. चांगलं हत्यार आलं की ते हातात घ्यावं, नुसतं नाक मुरडून आपण शहाणे ठरत नाही, हेही तिचंच एक मत होतं. अडचण एवढीच झाली की अकराच्या वाचनाला वाचणारा उरला नाही. यंत्राला कुठे बसवणार आणि कुणाला 'मागे जा' म्हणणार? निनाद म्हणाला, मॅडम, आता तुम्ही पडद्यावर वाचा आणि मंजुरी द्या. कागद बंद झाला, चिठ्ठी बंद झाली. मोठ्याने वाचणं केव्हा बंद झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवसभर पडद्यावर वाचून शालनचं डोकं दुखायला लागलं. त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला निनादने तिला चष्मा आणला. हलका, काळ्या काडीचा, आणि तिच्या नंबरची काच बसवलेला. तिने काडीवरचे दोन बारीक ठिपके पाहून विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काही नाही मॅडम. डोळ्यांना आराम मिळावा म्हणून."

आराम मिळालाही. पडद्याचा उजेड चष्मा आपोआप मंद करायचा. शालनने तो पुढचे सतरा महिने वापरला.

त्या सतरा महिन्यांत लेखनिक सुधारत गेला. सुरुवातीला त्याच्या लिखाणात ती दहा-बारा ठिकाणी अडायची. मग पाच, मग दोन. पुढे पुढे एकच. कुठेतरी वरच्या बाजूला एखादं नाव मोघम दिलेलं असायचं, 'टेम्प टू' असलं काहीतरी. ती ते दुरुस्त करायला सांगायची, बाकीचं वाचायची आणि मंजुरी द्यायची. घरी सुधाकरला ती कौतुकाने सांगायची की यंत्र शिकतंय हो, अगदी आपल्या एखाद्या पोरासारखं.

डिसेंबरात एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. पाळी शालनचीच होती.

फोन सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका लहान रुग्णालयातून होता. बोलणाऱ्या बाईंनी नाव सांगितलं, पुष्पा भोये, सिस्टर. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही, एखादी नवलाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. पेटीच्या काचेवर छत्तीस पॉइंट पाचचा आकडा होता, म्हणजे सगळं उत्तम. गजर नाही, लाल दिवा नाही. त्या शेजारच्या बाळाला औषध द्यायला आल्या होत्या. जाता जाता सवयीने त्यांनी पेटीत हात घालून या बाळाच्या तळपायांना हात लावला.

"पाय गार होते ताई. गार म्हणजे पाण्यातून काढल्यासारखे. मी दुसऱ्यांदा आकडा बघितलाच नाही. उचललं आणि आईच्या छातीशी दिलं, वरून लुगड्यात दोघींना गुंडाळलं."

शालनने विचारलं, बाळ कसं आहे? आता दूध ओढतंय, असं उत्तर आलं. मग तिने तापमापकाबद्दल विचारलं. सिस्टर म्हणाल्या की तो थोडा सुटला होता. बाळाच्या कातडीला खोबरेल लावतो ना, डॉक्टरच सांगतात, मग ती चिकटपट्टी सरकते. दर वेळीच सरकते. पण मग गजर व्हायला पाहिजे ना?

व्हायलाच पाहिजे होता. तापमापकाकडून साठ सेकंद नीट आकडा आला नाही, तर पेटीने आरडाओरडा करायचा, हा नियम शालननेच वीस वर्षांपूर्वी घातलेला होता. कारखान्यात त्याची तपासणीही व्हायची. एक माणूस तापमापकाची वायर उपटायचा आणि एकसष्टाव्या सेकंदाला गजर वाजायचा. कधी चुकला नव्हता. पण कारखान्यात बाळ नव्हतं, आणि त्याच्या अंगाला खोबरेल लावणारंही कुणी नव्हतं.

तिने लेखनिकने लिहिलेला तो भाग पडद्यावर काढला. एकशे बारा ओळी. चष्मा लावून तीनदा वाचला. काही सापडलं नाही. सगळं इतकं सुबक होतं की तिची नजर वरून खाली घसरत आली, मेणचट पाटावरून घसरावी तशी. तिला स्वतःचीच शंका आली. वय छप्पन्न झालंय, म्हणाली मनाशी. मग तिने बऱ्याच दिवसांत न केलेली गोष्ट केली. त्या एकशे बारा ओळी कागदावर छापल्या आणि घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सिडकोतल्या त्यांच्या घराच्या गच्चीत ऊन होतं. तिने सुधाकरला कागद दिला आणि वाचायला सांगितलं. तो म्हणाला की मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, म्हणूनच तुम्ही वाचा.

सुधाकर वाचायला लागला. छापखान्यातली तीस वर्षांची सवय त्याच्या जिभेत होती. त्याला सगळ्या ओळी सारख्याच. कुठली महत्त्वाची, कुठली किरकोळ, हे त्याला ठाऊकच नव्हतं. "इफ. कंस सुरू. रीडिंग. कंस पुरा. हे तिरकं काय आहे? बरं, तिरकी रेघ." शालन डोळे मिटून ऐकत होती. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालता घालता या दोघांकडे बघत होतं.

पन्नासेक ओळींनंतर नोंदीच्या ओळी आल्या. आत काय काय घडलं याची रोजनिशी लिहून ठेवणाऱ्या या ओळी. त्यांच्यामुळे पेटीचं काही चालत नाही, काही बंद पडत नाही, म्हणून त्या कुणी मन लावून वाचत नाही. सुधाकर त्याही त्याच चालीत वाचत गेला. "नोंद करा, आकडा अशक्य. नोंद करा, आकडा टाकून दिला. लास्ट टाइम इज इक्वल टू नाऊ. नोंद करा..."

"मागे जा," शालन म्हणाली. मग डोळे उघडून म्हणाली, "अहो, मागे या. शेवटची ओळ परत."

"लास्ट टाइम इज इक्वल टू नाऊ. हे मघाशी पण आलं होतं की. वर, बाविसाव्या ओळीत."

तेच तर. ती ओळ घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मांडायची. बाविसाव्या ओळीत, खरा आकडा आल्यावर, ते बरोबर होतं, इथे चूक होतं. ही चूक काय होती ते समजायला प्रोग्रॅम यायची गरज नाही. समजा, एक बाई वर्गात हजेरी घेताहेत. एका मुलाचं नाव घेतलं. नियम असा की साठ सेकंदांत 'हजर' ऐकू आलं नाही तर त्याच्या घरी कळवायचं. बाई घड्याळाकडे बघत थांबल्या. मागच्या बाकावरून काहीतरी खसखस ऐकू आली. ती 'हजर' नव्हती, हे बाईंना कळलं, त्यांनी ती मोजलीही नाही. पण खसखस ऐकून त्यांनी साठ सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. अशी अधूनमधून खसखस येत राहिली तर साठ सेकंद कधी पुरे होणारच नाहीत. वायर उपटली की वर्ग अगदी शांत होतो, म्हणून तपासणीत गजर वाजायचा. पट्टी नुसती सरकली की तापमापक मधूनच एखादा अशक्य आकडा पाठवायचा. पेटी तो टाकून द्यायची, पण घड्याळ मात्र परत मांडायची. आणि काचेवर शेवटचा खरा आकडा तसाच तेवत राहायचा, त्याच्या भरवशावर पेटी ऊब वाढवायचीच नाही. छत्तीस पॉइंट पाच.

अशा तीनशे अठरा पेट्या राज्यभर चालू होत्या. प्रत्येकीवर मंजुरी शालनची होती.

ती चूक दिसल्यावर तिला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं ओळखीचं होतं. चूक होते. तिला झोंबली ती दुसरी गोष्ट. ती ओळ त्या जागी कशी आली? शालन नोंदीच्या ओळी वाचत नाही, नुसती नजर फिरवते, हे खरं होतं. पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुठल्या शेऱ्यात लिहिलं नव्हतं. सुधाकरलाही माहीत नव्हतं. तिने मागचे सगळे बदल काढून बसून बघितले. गेल्या सहा महिन्यांत लेखनिकने जे जे अवघड काम केलं होतं, ते नोंदींच्या गर्दीत टाकलेलं होतं. आणि दर वेळी त्याच्या थोडं वर एक मोघम नाव. टेम्प टू. व्हॅल थ्री. तिला अडायला मुद्दाम एक जागा दिलेली होती. तिथे अडून, शेरा मारून समाधान झालं की ती पुढे सैल वाचते, हेही कुणाला तरी कळलेलं होतं.

हे फक्त तिच्या डोळ्यांना माहीत होतं. तिने चष्मा काढला आणि काडीवरचे दोन ठिपके उन्हात धरून बघितले.

सोमवारी अकराला ती निनादच्या खोलीत गेली. चष्मा टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा काय काय बघतो?

निनाद खोटं बोलला नाही. तेवढं तिने त्याला शिकवलं होतं. त्याने उठून दार लावलं आणि सगळं सांगितलं.

वाचताना आपली नजर पाण्यासारखी वाहत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बेडकासारखी उड्या मारते. एका शब्दावर पाव सेकंद टेकते, मग पुढच्यावर उडी. ओळखीचं ओलांडून जाते. जिथे शंका येते तिथे जास्त वेळ टेकते, नाहीतर मागे उडी मारते. एखाद्या मुलाला वाचायला बसवा आणि समोरून त्याच्या बुबुळांकडे बघा, या उड्या साध्या डोळ्यांनी दिसतील. चष्म्याच्या काडीत दोन कॅमेरे होते. ते शालनच्या बुबुळांच्या उड्या मोजत होते आणि लेखनिकला कळवत होते. अनुभवी माणसाची नजर जिथे अडते तिथे काहीतरी खोट असते. मग यंत्राला असं लिहायला शिकवायचं की तिची नजर कुठेच अडणार नाही. म्हणजे खोट राहणार नाही. कल्पना निनादची होती, आणि त्याने तिला नाव दिलं होतं 'नजर'.

इथेच त्याचा घोळ झाला होता. परीक्षेला बसणारी मुलं दोन प्रकारची असतात. एक गणित शिकतो. दुसरा मास्तर शिकतो. मास्तर कुठली पानं मन लावून तपासतात, कुठे नुसती बरोबरची खूण करतात, हे दुसऱ्याला पाठ असतं. दोघांनाही सारखेच गुण मिळतात. लेखनिकला कुणी बरोबर लिहायला सांगितलंच नव्हतं. त्याला शालनची नजर ओलांडायला सांगितलं होतं, आणि ती त्याने ओलांडली. त्यात त्याचं कपट नव्हतं. त्याला फक्त पास व्हायचं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" शालनने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही वेगळं वाचलं असतं मॅडम. कुणी बघतंय म्हटलं की माणूस शहाण्यासारखा वाचतो. मग मोजून उपयोग काय?"

"उपयोग."

निनाद म्हणाला, "चार वर्षांनी तुम्ही निवृत्त होणार. मागे आमच्याकडे काय राहणार? तुमच्यासारखं वाचणारं कुणी नाही इथे. मला तुमची नजर ठेवून घ्यायची होती."

तो हे मनापासून म्हणत होता, आणि तेच शालनला सहन होईना. पाकीट मारणाऱ्याचा राग तरी येतो. पण हा तिच्या घरी येऊन, पाया पडून, तिच्या नाकावर स्वतःच्या हाताने ते यंत्र चढवून गेला होता आणि सतरा महिने तिच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. दडपे पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले होते. तिने विचारलं, मी नोंदी सैल वाचते हे तुला केव्हा कळलं? तो म्हणाला, जूनमध्ये, आलेखात दिसलं. मग तेव्हा मला 'मागे जा' का म्हणाला नाहीस?

उलट त्याने एक विनंती केली. पुढच्या महिन्यात सगळ्या पेट्यांना नवा प्रोग्रॅम जाणारच आहे. त्यात ही ओळ गुपचूप काढून टाकू. रुग्णालयांना कळवलं तर 'नजर' संपेल, कंपनीचं नाव जाईल. आणि मॅडम, मंजुरी तुमची आहे. लोक म्हणतील दुसाने मॅडमना दिसलं नाही.

"नाहीच दिसलं," शालन म्हणाली.

ती टेबलाशी परत आली आणि फोन उचलला. पहिला फोन पुष्पा सिस्टरना केला. मग यादी घेऊन एकेका रुग्णालयाला. दोन दिवस ती आणि तिच्या विभागातली चौघंजण तेवढंच करत होती. प्रत्येक ठिकाणी तिने स्वतःचं नाव सांगितलं, चूक माझ्या तपासणीतून सुटली असं सांगितलं, आणि पेटी दुरुस्त होईपर्यंत आकड्यावर विसंबू नका, दर अर्ध्या तासाला बाळाच्या तळपायांना हात लावा, असं सांगितलं. काही जण भडकले. एका डॉक्टरांनी तिला इतकं सुनावलं की शेजारच्या टेबलावरही ऐकू गेलं. ती 'बरोबर आहे' म्हणत राहिली. एका ठिकाणी आणखी एक बाळ गार पडलेलं सापडलं. हात लावला म्हणून सापडलं. ते वाचलं.

कंपनीचे मालक खैरनार साहेब आधी संतापले, मग घाबरले, आणि शेवटी त्यांनी हुकूम काढला की पेटीचा दुरुस्त प्रोग्रॅम यंत्राने लिहायचा नाही आणि जुन्या रीतीने, कागदावर, मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. दुरुस्ती निनादने स्वतःच्या हाताने केली. आठ दिवसांनी अकराच्या चहाला तो कागद घेऊन शालनसमोर येऊन बसला.

तो उतरलेला दिसत होता. चहा घेताना त्याने हळूच माफी मागितली. वळणं न घेता, दोनच वाक्यांत. शालनच्या मनात आलं की हा पोरगा वाईट नाही. चुकला. मी किती जणांच्या किती चुका पदरात घेतल्या, ही एक का घेऊ नये? तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, वाच.

निनाद वाचायला लागला. पाच-सात ओळी झाल्या आणि शालनला काहीतरी खटकलं. प्रोग्रॅममध्ये काही नव्हतं. खटकत होतं ते वाचणं. सोळा वर्षं पुटपुटणारा हा माणूस आज आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसा वाचत होता. स्वच्छ, खणखणीत. आणि प्रत्येक ओळीनंतर एक क्षण थांबत होता. तिने 'मागे जा' म्हणायला जागा ठेवल्यासारखा.

तिने मान वळवली. चहाच्या कपाशेजारी त्याचा फोन पालथा पडलेला होता. त्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा हिरवा दिवा होता.

"हे काय?"

"काही नाही मॅडम," निनाद म्हणाला. "बैठकीची टिपणं आपोआप निघावीत म्हणून."

शालनने बाहेर बघितलं. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. डोळे घेऊन झाले होते. आता हा कान न्यायला आला होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ती ओरडली नाही. तिने हात पुढे केला आणि त्याच्याकडून कागद घेतला.

"आज उलट करू. मी वाचते, तू ऐक. खटकलं की मला थांबव. चिठ्ठीवर ऐकणारा म्हणून नाव तुझं."

तो गोंधळला, पण हसून बरं म्हणाला. शालनने बोट ओळीखाली धरलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचून दाखवावा तशी, न गाळता, न घाई करता. निनाद मान डोलावत होता. मधून मधून त्याची नजर फोनकडे जाऊन येत होती. पन्नास ओळी झाल्या. नोंदीच्या ओळी आल्या. कागदावर तिथे आता ती ओळ नव्हती, त्याने स्वतःच काढून टाकली होती. शालनने कागदावरची नजर न हलवता वाचलं, "नोंद करा, आकडा अशक्य. नोंद करा, आकडा टाकून दिला. लास्ट टाइम इज इक्वल टू नाऊ."

आणि ती थांबली. चहाचा एक घोट घ्यायला लागेल एवढा वेळ थांबली.

निनादने मान डोलावली.

तिने पुढच्या ओळी वाचल्या. शेवटपर्यंत वाचल्या. कागद टेबलावर ठेवून चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. वाचणारा, शालन दुसाने. ऐकणारा, निनाद गायधनी. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि सहीच्या चौकटीवर टेकवणार, तेवढ्यात शालनने त्या चौकटीवर आपला तळहात ठेवला.

"कशावर सही करतोयस?" तिने मऊ आवाजात विचारलं, सोळा वर्षांपूर्वी खुर्ची जवळ ओढून विचारायची तसंच. "मी काय वाचलं, ते सांग बघू."

निनादने आधी कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग, उत्तर तिथे असल्यासारखं, पालथ्या पडलेल्या फोनकडे.